लग्न झालेली बहीण

दाजी : दुकानाच्या काचेवर हा कागद तू चिकटवलास?

मेहुणा : हो. तुम्हाला जरा आराम मिळावा म्हणून. 'मालकांच्या पत्नीचे दुःखद निधन झाल्याने बॅग दुरुस्ती बंद आहे. प्रवाशांनी सहकार्य करावे.'

दाजी : प्रवाशांनी?

मेहुणा : सवय हो, दाजी. बस डेपोतल्या नोटिसा मीच लिहितो.

दाजी : दुपारपासून मी आत मशीनवर हात ठेवून बसलोय. म्हटलं, सोमवारी शाळा उघडताहेत आणि दप्तर घेऊन एकही माणूस कसा फिरकत नाही. आणि तू बाहेर उभा राहून गिऱ्हाइकं हाकलतोयस.

मेहुणा : हाकलली नाहीत. समजावून सांगितलं. एक बाई तर रडल्या बिचाऱ्या.

दाजी : आणि त्यांची बॅग?

मेहुणा : पुढच्या चौकातल्या त्या दुसऱ्याकडे पाठवली.

दाजी : धन्य आहेस. तो टाके घालतो की टाचण्या लावतो, त्याचं त्याला माहीत.

मेहुणा : चिडू नका. धीर धरा, दाजी. आज ना उद्या प्रत्येकालाच...

दाजी : झालं सुरू. अरे बाबा, तुझ्या ताईला जाऊन तीन आठवडे झाले. तीन आठवडे रोज पहिली पाळी संपली की तू कंडक्टरच्या गणवेशातच येतोस, त्या स्टुलावर ठाण मांडतोस आणि मला धीर धरायला सांगतोस. मी धरलेलाच असतो. तू आलास की सुटतो.

मेहुणा : मग बोलू नको?

दाजी : परवा माझं सामानाचं खोकं आवरून ठेवलंस. अजून चेनचे रनर सापडत नाहीयेत मला. काल चहा आणलास तो साखर घालून. मला साखर चालत नाही, हे ताईनं तुला शंभरदा सांगितलं असेल.

मेहुणा : दोनशेदा. विसरलो.

दाजी : तुझ्या मनात काही वाईट नाही, ठाऊक आहे मला. पण भीक नको, पण कुत्रं आवर, अशी गत झालीय माझी.

मेहुणा : कुत्रं म्हणालात मला.

दाजी : म्हण आहे ती. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच सांगतोय. घरी जात जा. बायको वाट बघत असेल.

मेहुणा : ती कसली वाट बघतेय. म्हणते, किती दिवस तोंड पाडून बसायचं ते? बसायचंच असेल तर दाजींकडे जाऊन बसा, तिथे शोभेल तरी.

दाजी : मग डेपोत बस, तुझ्या लोकांत.

मेहुणा : तिथे कुणाला धड माहीत पण नाही. सुट्टीचा अर्ज केला होता मी. साहेब म्हणाले, आई, वडील, बायको, मुलं, एवढ्यांनाच मिळते. लग्न झालेली बहीण कुटुंबात धरत नाहीत.

दाजी : म्हणजे ताईला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी...

मेहुणा : पहाटे साडेपाचच्या गाडीवर होतो. एका थांब्याला घंटी द्यायचीच विसरलो. ज्याला उतरायचं होतं तो केवढा ओरडला. बरोबर होतं त्याचं. मी काय सांगणार होतो त्याला?

दाजी : मला बोलला नाहीस हे.

मेहुणा : माणूस तुमचं गेलं. तिथे मी कुठे माझं रडगाणं लावू?

दाजी : तुला भेटायला कोण कोण आलं?

मेहुणा : मला कशाला कोण येईल? सगळे तुमच्याकडे येत होते. त्यांना पाणी द्यायला मीच तर होतो.

(दाजी हातातली बॅग बाजूला ठेवतात.)

दाजी : स्टूल इकडे ओढ. आणखी जवळ. हे बघ, मला ती भेटली तेव्हा चोवीसची होती. त्याआधीची माझ्याकडे काहीच नाही. तुझ्याकडे आहे. सांग काहीतरी.

मेहुणा : काय सांगू? रागीट होती.

दाजी : हे तू मला सांगणार?

मेहुणा : शाळेत पोचवायला यायची मला. पण हात नाही धरायची. दप्तराचा पट्टा धरायची. म्हणायची, तुझ्या हाताला घाम येतो.

दाजी : थांब. रस्ता ओलांडताना माझ्याही बॅगेचा पट्टाच धरायची ती. एकतीस वर्षं. मला वाटायचं, चारचौघांत लाजते.

मेहुणा : लाजतेय कसली. माझ्यामुळे लागलेली खोड ती. एकदा मी पट्टा सोडवून पळालो, तर सगळ्या रस्त्यात माझ्या नावानं ओरडत... दाजी, मी जरा बाहेर जाऊन येतो.

दाजी : बाहेर कशाला? इथेच बस.

मेहुणा : नको. कुणी आलं तर बरं नाही दिसणार.

दाजी : रड तू. गिऱ्हाईक आलं तर मी सांगेन, यांची बहीण गेली.