दाढीखालचा सखाराम

तर मंडळी, नामाचा गजर झाला, घसे मोकळे झाले, आता कान मोकळे करा! आज एक प्रश्न घेऊन बसलोय. कुणी आपल्या पायावर डोकं ठेवलं, तर आपण काय करावं? हसू नका! ढोंगी गुरूच्या नादी लागू नये, हे सगळेच सांगतात. पण ज्याला नाइलाजानं गुरू व्हावं लागलं, त्यानं काय करावं? ऐका!

कोकणात एक नट होता, सखाराम धुरी. पन्नाशी उलटलेला. वीस वर्षं दशावतारी नाटकात काढली. विष्णू झाला, धर्मराज झाला. तिकडची रीत ठाऊक आहे ना? मुकुट चढला की नट संपला, देव सुरू! म्हाताऱ्याकोताऱ्या येऊन पाया पडतात. आणि मुकुट उतरला की? त्यांच्यात म्हणच आहे — 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा!' पेटारा डोक्यावर घ्यायचा नि पुढच्या गावाला चालू लागायचं.

पुढे सखारामाला टीव्हीवर काम मिळालं. पोलिसांच्या मालिकेत! भूमिका कसली? शिबिरं भरवणाऱ्या भोंदू गुरूची. 'आयुष्य बदला, मन जिंका' म्हणत माणसं घरापासून तोडायची, आणि शेवटच्या भागात पोलिसांनी याला धरून न्यायचं. चित्रीकरण एका गावाबाहेरच्या काजूच्या बागेत. शिष्य म्हणून बसवायला गावातलीच माणसं आणली. आणि तिथंच घोटाळा झाला, मंडळी! दिग्दर्शक म्हणाला, "रडा," — बायका खऱ्याच रडल्या. म्हणाला, "हात जोडा," — एकीनं तर घरून नारळ आणला!

तिचं नाव द्वारकाबाई. पहिल्या रांगेत बसलेली. नवरा वारलेला, एकच लेक, वैजू. तिनं चार वर्षांपूर्वी आईला न विचारता लग्न केलं, तेव्हापासून अबोला. सखारामानं डोळे वटारून आपलं वाक्य म्हटलं — "जे तुला सोडून गेलं, त्याला दार उघडू नकोस! दार उघडशील, तर दुःख आत येईल!"

दिग्दर्शक खूश. वाहवा झाली. सखाराम चहा प्यायला. द्वारकाबाई मात्र ते वाक्य पदरात बांधून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखाराम दाढी चिकटवून, भगवं नेसून बसलाय. चहावाली मालन आली. म्हणाली, "काका, तुमी काय सांगितलास त्या द्वारकेक? चेडू इला दारात, सात महिन्यांचा पोर घेवन! म्हातारी दार उघडीत नाय. म्हणता, गुरूंची आज्ञा! चेडू रडत रडत थांब्यावर गेला. एकच्या गाडीन परत जाताहा!"

— चेडू म्हणजे लेक, बरं का! माझी मालवणी जरा वाकडी येते हो, तिकडची मंडळी असतील त्यांनी सांभाळून घ्यावं! —

सखारामाच्या हातातला कप तसाच राहिला. घड्याळात पाऊण! उठला तो तसाच धावत सुटला. मागून दिग्दर्शक ओरडतोय, "अहो धुरी, शॉट लागलाय!" कोण ऐकतो?

विचारत विचारत द्वारकाबाईचं घर गाठलं, दार वाजवलं, हाक मारली. आवाज ओळखून द्वारकाबाईनं चटकन उघडलं आणि पायांवर लोळणच घेतली.

"आई, उठा! ते खोटं होतं. लिहून दिलेलं वाक्य होतं!"

ती गालात हसली. "महाराज, माझी परीक्षा घेतास? मी नाय फसणार!"

घ्या! आता काय करणार? खरं सांगावं, तर तीही गुरूची लीला! सखारामाच्या ओठावर आलं — तोच आवाज काढावा, 'जा! लेकीला घेऊन ये!' म्हणावं. एका वाक्यात काम झालं असतं! मोह झाला हो त्याला. तुम्हाला झाला नसता? मला तर झाला असता! पण त्याच्या मनात आलं, आज ही माझ्या दाढीचं ऐकून जाईल, उद्या दुसरा दाढीवाला येईल नि हिला पुन्हा दार लावायला सांगेल. मग या बाईचं स्वतःचं काय राहिलं?

तो जमिनीवर बसला. म्हणाला, "आई, खोबरेल आणा. आणि ही दाढी तुमच्या हातानं काढा."

गुरूची आज्ञा! म्हातारीनं वाटी आणली, तेल चोळलं. डिंक सुटेना. "ओढा!" म्हणाला. तिनं ओढली — आणि महाराज असे बोंबलले, की शेजारचं कुत्रं पळालं! दाढी तिच्या हातात. समोर दोन लालभडक गाल.

"मी सखाराम धुरी, आई. दशावतारातला. रात्री राजा..."

"...सकाळी डोक्यार बोजा," द्वारकाबाई पुटपुटली. आणि पुढच्याच क्षणी 'तुमी'चं 'तू' झालं! "मेल्या! आधी सांगूक नको? माझा चेडू गेला ना!"

दाढी भिरकावून बाई धावली. गुडघे दुखत होते हो तिचे, पण धावली! गाडी थांब्यावर आली होती, वैजूनं पायरीवर पाय ठेवला होता. द्वारकाबाईनं माफी मागितली नाही, भाषण केलं नाही. नुसती ओरडली, "गो वैजू! उतर खाली! पेज निवता थय!" घरी पेज थंड होतेय, बस, एवढंच!

आणि वैजू उतरली, मंडळी! आईनं तेलकट हातांनीच नातवंड उचललं, त्याचं तोंड तेलानं माखलं, ते खदखदून हसलं, आणि दोघी रस्त्यातच गळ्यात पडून रडल्या. मागे सखाराम धापा टाकत उभा. तोही रडला. काय सुटल्यासारखं वाटलं असेल हो त्याला! त्याच्या वाक्यानं लागलेलं दार उघडलं होतं.

तेव्हा उत्तर सापडलं का? कुणी डोकं ठेवलं, तर त्याचं डोकं त्याला परत करावं! घेऊन ठेवतो तो चोर. परत करतो, तो भले नट असो, गुरू म्हणावा तर त्याला.

आणि आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका! तुमच्यापैकी कुणी कुणाच्या सांगण्यावरून भावाशी बोलत नाही, बहिणीकडे जात नाही, सुनेचा फोन घेत नाही — नावं मी विचारत नाही. एवढंच सांगतो. आपलं माणूस तोड असं सांगणारा कितीही गोड बोलो, तिथून उठा. उद्या या पागोट्यातून मीच तसं बोललो, तर मध्यातच उठा, माझ्यादेखत चपला घाला, आणि घरी जा!