हवा कमी पडतेय

मेस्त्री : हा बघा तुमचा एअर फिल्टर. फिल्टर म्हणायचा की वीट?

मालक : एवढा बुजलाय?

मेस्त्री : बुजणारच. रोज सिमेंटची पोती वाहताय. जरा आपटा. अहो, तोंड तिकडे करून!

मालक : पण मी डिझेलचं विचारायला आलोय. टेम्पो डिझेल फार पितोय.

मेस्त्री : तेच सांगतोय. डिझेल जळायला हवा लागते. तुमचं इंजिन जुनं, ते काही नव्या गाड्यांसारखं आपलं आपण सांभाळून घेत नाही. हवा अडली की डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर होऊन बाहेर पडतं. गाडी ओढत नाही म्हणून आपण पाय आणखी दाबतो. मग पिणारच ना?

मालक : चढावर धूर काढते खरी. मला वाटलं, वय झालं.

मेस्त्री : कुणाचं? आणि तुमचा मेहुणा एवढे दिवस काय झोपेत चालवत होता? चढावर त्याला आधी कळायला हवं.

मालक : कळलं होतं त्याला. म्हणाला, "दाजी, गाडीला हवा कमी पडतेय."

मेस्त्री : बरोबर बोलला की! मग तुम्ही काय केलंत?

मालक : चाकं तपासली.

मेस्त्री : चाकं?

मालक : सगळ्यांत हवा टाइट. म्हटलं, हा थापा मारतोय. डिझेल बाहेर विकतोय आणि चाकांच्या नावावर खपवतोय.

मेस्त्री : तसं तोंडावर नाही ना बोललात?

मालक : बोललो. जेवायला बसलो होतो सगळे. चोर म्हटलं आणि किल्ली काढून घेतली. तेव्हापासून मीच चालवतोय, आणि डिझेल तेवढंच जातंय. मी तर विकलं नाही ना कुणाला! मेस्त्री, मला माझीच लाज वाटतेय हो.

मेस्त्री : ते मला सांगून काय होणार? मी नवा फिल्टर बसवतो. तुम्ही त्याला फोन लावा.

(मालक गॅरेजच्या दाराशी जाऊन फोन लावतो.)

मेहुणा : बोला, दाजी.

मालक : अरे, ते... फिल्टर बुजला होता.

मेहुणा : हं.

मालक : तू हवा म्हणालास, मी चाकं बघत बसलो. चुकलं माझं. फार वाईट बोललो तुला.

मेहुणा : नवा टाकला का? चढ घेईल आता नीट.

मालक : तूच घे चढावर. उद्यापासून ये. आधी घरी जेवायला ये, मग किल्ली घे.

मेहुणा : किल्ली मेस्त्रीकडे ठेवा. मी तिथूनच गाडी काढीन.

मालक : घरी नाही येणार? अरे, पाया पडतो तुझ्या, आता राग सोड.

मेहुणा : तुमच्यावर राग नाही, दाजी. तुम्ही बोलत होतात, तेव्हा ताई खाली मान घालून वाढत राहिली. तुम्हाला गाडीतलं कळत नाही, ठीक आहे. ताईला मी तरी कळत होतो ना?