सात नंबरचं जांभळं झाड

बर्लिनच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या. हातात खुरपी, म्हणजे भाड्याच्या छोट्या बागांच्या वसाहतीतल्याच.

"रोझविथा, उद्या अध्यक्ष क्रुमबीगल तपासणीला येणार. तुझ्या सात नंबरच्या बागेतल्या त्या जांभळ्या एल्मचं काय?"

"हळू बोल गं! प्लमचं झाड आहे ते."

"प्लम म्हणे! वसाहतीत रानझाड चालत नाही म्हणून सहा वर्षं थापा मारतेयस. एक फळ तरी लागलंय?"

"पानं जांभळी आहेत ना?"

"वसंतात होती. आता जुलैत हिरवीगार झालीत."

"म्हणून तर त्यांना झाडाकडे पाठ करून बसवते. पुढ्यात प्लमचा केक ठेवते, घरच्या फळांचा म्हणून."

"बाजारातल्या!"

"त्यांना काय कळतंय? दोन तुकडे खातात, वहीत 'फळझाड, उत्तम' लिहितात."

"आणि यंदा तोडायला लावलं तर?"

"छे गं. भोळा आहे बिचारा."

"भोळा? अगं, चाळीस वर्षं रोपवाटिकेत एल्मच वाढवत होता तो!"

"अय्या! म्हणजे सहा वर्षं सगळं ओळखूनही केक खायला येतोय?"

"बस आली, चढ ना."

"तू हो पुढे. मी जरा केस सेट करून येते."