फळ्या वाळल्या, मामा मोकळे झाले

सन्माननीय अध्यक्षबाई, कामावरून थेट इथे आलेले प्रमुख पाहुणे म्हणजे आपल्या अग्निशमन केंद्राचे साहेब, व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले आमचे सुतारदादा, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही मामा म्हणतात ते मामा, त्यांच्या शेजारच्या मामी, वाचनालयाचे सभासद, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे मित्र,

आधी ताजी बातमी सांगतो. आज सकाळी साडेदहा वाजता मागच्या शेडमधल्या शेवटच्या फळीची ओल मोजली. बारा टक्के भरली. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. सुतारदादांनी स्वतःचं यंत्र लावून तीन ठिकाणी मोजलं आणि कागदावर सही केली. अकराच्या अकरा फळ्या वाळल्या. एक वाकली नाही, एक फाटली नाही.

टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं. पण या बातमीवर आजचा समारंभ का अडून होता, हे सगळ्यांना ठाऊक नसेल. याच समारंभाच्या पत्रिका आम्ही याआधी दोनदा छापल्या होत्या. दोन्ही वेळा मामांनी निरोप पाठवला, "फळ्या ओल्या आहेत, मी येत नाही." ज्याला निरोप द्यायचा तोच यायला तयार नाही, तर हार कुणाला घालायचा?

तीन वर्षांपूर्वी वादळात आपल्या वाचनालयामागचा शिरीष कलला. मुळं उचलली गेली आणि अख्खं झाड वाचनकक्षाच्या छपरावर ओठंगलं. मागे चार फुटी बोळ. क्रेन शिरेना. वखारवाले येऊन बघून गेले. म्हणाले, तुकडे करा आणि सरपणाला द्या, एवढा ओंडका इथून बाहेर निघत नाही. समितीने मान डोलावली. मीही डोलावली. खोटं कशाला सांगू?

मग कुणीतरी मामांना बोलावलं. निळी व्हॅन आली. चालवत होत्या मामी. मामा उतरले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोळ पावलांनी मोजला आणि म्हणाले, "ओंडका निघत नाही, पण फळी निघते. फळी चार माणसं आडवी धरून दारातून नेतात."

चौतीस वर्षं या दोघांनी हेच काम केलं. झाड जिथे पडलं तिथे जायचं. दोर बांधून वर चढायचं, फांदी फांदी उतरवायची, मग चेनसॉला लोखंडी चौकट लावून खोड आहे तिथेच चिरायचं. दवाखान्याच्या आवारात, शाळेच्या मैदानात, एकदा तर कुणाच्या स्वयंपाकघरात, कारण झाड तिथे येऊन पडलं होतं. मामा कापतात, मामी व्हॅनच्या मागच्या पायरीवर बसून साखळीला धार लावतात. टाकीतलं पेट्रोल संपलं की मामा थांबतात, मामी साखळी मागतात, कानस फिरते, प्रत्येक दाताला तेवढेच हात. बारीक पीठ पडायला लागलं की मामी लांबूनच ओळखतात, धार गेली. भुसा जाडसर हवा. आपल्यापैकी कितीजणांच्या कामाकडे घरचं माणूस इतकं लक्ष देऊन बघतं?

पण मामींचं लक्ष आणखी एका गोष्टीवर होतं. गार हवेत मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरीफटक पडतात. शर्टाचं बटण लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मशीनच्या थरथरीने झालंय, आता थांबा, नाहीतर बोटं कायमची जातील. मामांनी मामींना शब्द दिला, हे शेवटचं झाड.

आणि त्याच आठवड्यात समितीच्या बैठकीत त्यांनी आम्हालाही शब्द दिला. वखारवाल्यांनी म्हटलं होतं, शिरीष आहे, वाळताना वाकडातिकडा होईल. मामा म्हणाले, "फळ्या बिघडल्या तर मी दुसरं झाड उतरवून, चिरून देईन." मामी दाराशी उभ्या होत्या. त्यांचं बोलणं मला आजही आठवतं. "एकाच तोंडाने दोन शब्द दिलेत. आता तुमचे हात कधी थांबायचे ते फळ्यांना विचारायचं."

म्हणजे बघा, गेली तीन वर्षं मशीन विकलं नाही, तेलपाणी करून व्हॅनमध्ये तयार. एक फळी फुटली असती तर मामा पुन्हा झाडावर चढले असते. ते चढले असते, याबद्दल या सभागृहात कुणाला शंका आहे का?

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. मामांची एक रीत आहे. खोडाला मशीन लावण्याआधी ते झाडाच्या सगळ्या शेजाऱ्यांना बोलावतात आणि विचारतात, "या झाडात कुणी काय ठोकलंय?" कारण झाड लोखंड पोटात घेतं, वर साल धरतं, बाहेरून काही दिसत नाही. साखळीला मात्र ते सापडतं. त्या दिवशी चहावालीने कपड्याच्या दोरीचा आकडा कबूल केला. सायकलवाल्याने पाटीचे चार खिळे कबूल केले. मामांनी खडूने खुणा केल्या, सगळं उपसून काढलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, वाचनालयाचं काही नाही.

वाचनालयाचं होतं. तीस वर्षांपूर्वी मी नवा कार्यवाह झालो तेव्हा मोठ्या उत्साहाने त्या झाडावर एक पाटी लावली होती. पाटीवर लिहिलं होतं, झाडाला खिळे ठोकू नयेत. आणि ती सहा खिळ्यांनी ठोकली होती. पाटी केव्हाच गंजून पडली. खिळे आत राहिले. चारचौघांत हे सांगायची मला लाज वाटली.

हसा. मामांच्या तिसऱ्या फळीला ठिणग्या उडाल्या, साखळी तुटली आणि तिचं टोक त्यांच्या मांडीवर बसलं. साखळी अडकून थांबावी म्हणून आतून धाग्यांनी भरलेली जाड विजार अंगात होती, म्हणून मामा आज इथे दोन पायांवर चालत आले. मशीन बंद झालं. मामी आल्या, विजार फाटली होती तिथे आत हात घालून बघितला. हात कोरडा निघाला. मग त्या कापलेल्या जागेवर वाकल्या, खिळ्याभोवती काळं पडलेलं लाकूड बघितलं आणि वर न बघता विचारलं, "किती आहेत?"

मी म्हणालो, "सहा."

मामांनी मला एक शब्दही सुनावला नाही. खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "खुणा तुम्ही करा. तुम्हाला जागा माहीत आहेत."

त्या फळीतून सहा खिळे निघाले, सहा भोकं राहिली. फळी फाटायची तर भोकापासून फाटते, हे मला सुतारदादांनी नंतर सांगितलं. सांगितलं नसतं तर झोप लागली असती. इंचाला एक वर्ष अशी वाळवायची पद्धत. फळ्या अडीच इंची, वर थोडा धीर. मध्ये पट्ट्या, टोकांना मेण, वर वजन. तीन वर्षं दर शनिवारी मी शेडमध्ये जाऊन तीच एक फळी बघत होतो. मामा झाडावर चढणार की नाही, हे माझ्या सहा भोकांवर होतं. आज सकाळी सगळ्यात शेवटी मोजली ती हीच फळी. सुतारदादांनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "केसाएवढी रेघ नाही." मामा तेव्हा मामींकडे बघत होते. मामींनी फक्त त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

ज्या झाडाला वखारीने सरपण म्हटलं त्याच्या अकरा सरळ फळ्या आज आपल्या शेडमध्ये आहेत, आणि ती चिरणारी दहाच्या दहा बोटं या व्यासपीठावर आहेत. माझ्या हिशेबी याहून मोठा विजय नाही.

अध्यक्षबाई घड्याळ बघत आहेत, आवरतो. आपण सगळे आलात, उभं राहूनही शेवटपर्यंत ऐकलंत, वाचनालय आपलं ऋणी आहे. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही उणं-अधिक झालं असेल, तर माझ्या त्या सहा खिळ्यांबरोबर तेही पोटात घ्या.

आता पुढचं. उद्या सकाळी नऊ वाजता साहेबांची गाडी येईल आणि मशीन, चौकट, दोर अग्निशमन केंद्रात जमा होतील. मामा दोन दिवस तिथे शिकवतील, पण तोंडाने. मशीनला हात लावायचा नाही, आणि ते बघायला मामी समोर खुर्ची टाकून बसणार आहेत. सोमवारी सुतारदादा पहिल्या फळीवर रंधा मारतील. सहा आठवड्यांत वाचनकक्षात चौदा फुटी टेबल उभं राहील. भोकांची फळी मधोमध, भोकं बुजवायची नाहीत, असं मामांनी सांगितलंय. पहिल्या दिवशी खिडकीजवळची उन्हाची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. मामी म्हणतात, चौतीस वर्षांत हा माणूस टेबलाशी तासभर बसलेला त्यांनी पाहिलेला नाही. सकाळी आठला दार उघडेल. मामींनी सांगितलंय, ते पावणेआठलाच येऊन उभे राहतील.