एका भिंतीवर दोन मीटर

नाई नाई, ते पेटी उघडू नका आताच — मीटर तुमच्या हातातच असू द्या, नाईतं तिकडे पोत्यावर ठेवा, पण भिंतीले नवा खिळा लागला नाई पाह्यजे. मी या घराचा मोठा, नानाजी, अन् जे इचाराचं ते मले इचारा, वायरमन भाऊ. बापूजीनं तुमच्या हापिसात काय सांगून ठेवलं ते मले ठाऊक हाये — लहाना भाऊ हाये तो माया, दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात मुनीम, सकाळी जाते अन् दिवेलागणीले येते, म्हून घराच्या भिंतीचं मीच पाहतो. त्यानं सांगतलं, दुसरं मीटर पाह्यजे. मी म्हणतो, कायले? मागच्या सालापासून एक लटकून राह्यलं ना तिथं, त्याले काय झालं? आता तुमी म्हणसान, काका, एकच ठेवलं तं सगळ्या करंटले दिव्याचा भाव लागन, करंटच्या शेगडीलेही — अन् दुसरं घेतलं तं दिव्याचा भाव येगळा अन् शेगडी-इस्त्रीचा येगळा, निम्म्याहून कमी. समजलं मले. आठ रोजापासून तेच आयकून राह्यलो, कान किटले.

पण मले एक सांगा — राहू द्या, मीच सांगतो — तार एकच ना? त्या चौकातल्या खांबावरून आमच्या वळचणीले आली ते एकच ना? मंग त्याच तारेतल्या करंटनं मी पोथी वाचली तं महाग, अन् कोणी दार लोटून भात शिजवला तं स्वस्त? कोणत्या डोक्यानं काढलं हे? आमी दूध इकतो बोरीच्या बाजारात, तं गिऱ्हाइकाले इचारतो का, का बाई पेणार हाये का इरजण लावणार हाये, तसा भाव सांगतो? जोड्यानं मारन ते आमाले. पण तुमी काय करसान, तुमी हुकमाचे ताबेदार, तुमच्यावर राग नाई माया. बसा. उन्हातून आले.

पैशाचं म्हणता? बिल मी भरतो ना. जास्तीचं जाते तं जाऊ द्या, त्यानं काई घरावरचे कवेलू उतरत नाई. मले पैशाचं नाई वाटत, मले त्या दुसऱ्या डब्ब्याचं वाटते. तुमी बाहेरगावचे, तुमाले आमच्याकडचं चुलबंद आवतन माहीत हाये का? नाई? कोणाच्या घरी लगन असलं का आवतन देणारा दारात येते अन् म्हणते, चुलबंद हाये. म्हंजे घरातल्या झाडून सगळ्याइनं जेवाले याचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवाचीच नाई. एका चुलीले एक आवतन, असा हिशेब. आता पेठेतल्या हरिसिंग-धनसिंगचं पाहा. तांड्यावरचे सख्खे भाऊ, पोराइच्या शाळेसाठी पेठेत घर बांधलं, एका ताटात जेवत होते — अन् स्वस्त पडते म्हून दोन मीटर घेतले. बस. गावात लगनाचे आवतनं देत फिरते तो धावजी त्याइच्या दारात गेला, त्यानं भिंतीवर दोन डब्बे पाह्यले, म्हटलं झाली वाटतं वाटणी, अन् दोन आवतनं देली — एक हरिसिंगच्या नावानं, एक धनसिंगच्या. हरिसिंगची बसंतीबाई म्हणे, आमाले दोनदा काहून? धनसिंगची लालीबाई काईच नाई बोलली. तिले गोड लागलं ना, आपल्या नवऱ्याच्या नावाचं आवतन. मंग आवतन दोन तं आहेरही दोन गेले. मंग पोळ्याले तोरणाखाली बैल येगळे उभे राह्यले. दिवाईले आंगणात भिंत आली. कोणी भांडलं नाई हो. भांडले असते तं चार लोक मधात पडले असते, समजूत घातली असती. इथं कोणी काई बोललंच नाई, अन् घर फाटलं. मले त्या आंगणात पाय ठेवाची शिसारी येते आता.

मागच्या अंगाले लावता येते का, गोठ्यापाशी? काहून नाई येत? आकडा वाचणाऱ्याले रस्त्यावरून दिसलं पाह्यजे? घ्या. म्हंजे आमच्या घरात कोणती खोली काय जाळते ते बाजाराले येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचाचं. अन् सरकारले तरी काय नडलं होतं शेगडीले येगळा भाव द्यायले? भाव येगळा देला म्हंजे ते येगळी चूलच झाली ना. नाईतं शेगडीले चूल कोण म्हणते? जाळ नाई, धूर नाई, राख नाई. एक तार लाल होते अन् जळल्या लोखंडाचा वास सुटते. थू. ते काय चूल हाये का?

अन् हाये कायले ते, तं लेकराच्या दुधाले. बापूजीचं पोरगं तान्हं हाये, अवेळी रडते, दरखेपी कोण लाकडं पेटवन? तेवढ्यासाठी आणली नागपूरहून. तेवढ्याचसाठी. बरं, आंघोळीचं पाणीही तापते तिच्यावर. बरं, भात होते. भाताचं काय एवढं, भाकरी तं आमच्याच चुलीवरच्या जाते त्याइच्या खोलीत. म्हंजे जात होत्या. जवारीची भाकर बापूजीच्या बायकोले पचत नाई म्हणे आता. पण जेवतो आमी संगच — इतवारी, बापूजीले सुट्टी असते ना. मागच्या इतवारी तो अमरावतीले गेलता सासऱ्याकडे. त्याच्या आंधीच्या इतवारी मायंच पोट बरं नोतं. असं होतेच घरात, तुमच्याही घरी होत असन.

तुमी असे काहून पाहता? खोटं नाई सांगून राह्यलो. एक चूल हाये या घराची. ते आंड्यावरून जरा झालतं — आता निघालंच तोंडातून तं आयका. विमल, मायी घरवाली, तिनं गुरू केला हाये, तिच्या चुलीवर आंडं चढत नाई. अन् बापूजीची बायको विजयमाला, बाळंतपणात अर्धी झाली बिचारी, डाक्तर म्हणे, आंडं चारा तिले. डाक्तरचं काय जाते म्हणायले. विमल म्हणे, मायी चूल बाटते. विजयमाला म्हणे, मंग मी मरू का. मायासमोर नाई म्हटलं, मी भासरा लागतो तिचा, नवऱ्याचा मोठा भाऊ, ते मायासमोर येत नाई का मायाशी बोलत नाई, पण भिंतीतून आयकू येते सगळं. मी काय कराचं होतं सांगा? बायकाइच्या आंड्यात पडाचं होतं? मी वावरात चालला गेलो. चार रोजानं शेगडी आली. मले कोणी इचारलं नाई, मीही कोणाले इचारलं नाई — म्हटलं बरंच झालं, त्या खोलीत आंडं, या खोलीत गुरू, कोणाच्या नाकाले कोणाचा वास नाई. पोरीच्या अंगावर मांस आलं जरा, ते काई वाईट झालं नाई. पण तिची तब्येत सुधारली तरी शेगडी काई थंडी झाली नाई. अन् विमलनंही कधी म्हटलं नाई, ये वं, बस चुलीपाशी. दोघी एका घरात राह्यतात अन् एकमेकीच्या सावलीतून जात नाई. किळस आली मले या बायकाइची. बापूजीचीही आली. मुनीम झाला, दुसऱ्याच्या जिनातला कापूस तोलते, अन् मायासमोर उभं राहून दादा आमी येगळं रांधतो एवढं म्हणाची त्याची छाती नाई. तुमाले पाठवलं, मीटर घेऊन.

म्हून म्हणतो, एकच राहू द्या. महाग तं महाग. लोकाइले एक दिसन तोवर एक हाये. धावजीच्या पोरीचं लगन हाये येत्या महिन्यात, तो आवतन घेऊन येईन, एकडाव चुलबंद म्हणन अन् आमी सगळे एका बंडीत बसून जाऊ. तेवढं झालं म्हंजे झालं. तुमी हापिसात सांगजा, मालक नाई म्हणे, मीटर वापस आणलं.

घ्या, चहा घ्या, विमलनं आणला. ठेव वं तिथं, स्टुलावर. गूळ घालते ते चहात, साखरेचा आमच्यात — काय झालं? कोणाच्या बांगड्या वाजल्या? तिकडच्या उंबऱ्यावर काय हाये?

कप हाये.

नाई, चुकून नाई ठेवला बापूजीच्या बायकोनं. तुमच्यासाठीच हाये, बापूजीनं सांगून ठेवलं असन, वायरमन येईन, त्याले चहा करजो. शेगडीवरचा हाये, लवकर होते. विमल, तू घरात जा. तिकडे पाहू नको, जा म्हटलं ना.

आता तुमी दोन्हीकडे पाहता. पाहा. एका घरात पाहुणा आला अन् दोन चहा आले, अन् मी मघापासून तुमाले काय सांगून राह्यलो होतो. तुमी हसले असते तरी मले चाललं असतं.

उघडा पेटी. लावा दुसरं. नाई, गोठ्याकडे नाई, तिथंच लावा, पह्यल्याच्या बाजूले, सरळ, वाकडं नको. अन् संध्याकाळी बापूजी भेटला तं त्याले म्हणजा, नानाजीनं सांगतलं लावाले. त्याच्या तोंडून निघालं नाई म्हून मोठ्या भावानं सांगतलं, एवढंच म्हणजा, दुसरं काई नाई. चहा निवून राह्यला तुमचा. कोणता प्याचा ते तुमचं तुमी पाहा, मी चाललो वावरात.