कोळशाच्या मोटारीनं पिलेलं तेल

मी मूळचा शेवगावचा, जातीनं पिंजारी, नाव महेबूब, पन सगळी मला मिस्त्रीच म्हनत्यात. बाप गाद्या-रजया भरायचा, मला त्या कापसानं खोकला यायचा, म्हून चुलत्यानं नगरला एका ग्यारेजात चिकटवलं, तिथं सहा-सात वर्सं हात काळे केले आन दुसरी मोठी लढाई चालू हुती तवा परत गावात आलो. शेवगाव-नगर एक खाजगी मोटार चालायची, तिच्यावर मिस्त्री म्हून लागलो. पेट्रोल मिळंना, तवा मालकानं मोटारीच्या पाठीमागं कोळशाची भट्टी बसवली हुती. तुमाला आता खोटं वाटंल, पन कोळसा पेटवायचा, त्याचा ग्यास नळीतनं इंजनात जायाचा आन त्याच्यावर मोटार पळायची. पळायची म्हंजी काय, करंजीच्या घाटात उतारू खाली उतरून ढकलायचे.

डायवर किसनदा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्सांनी थोरला. मानूस लई सरळ, वाटंत म्हातारीकोतारी दिसली की मोटार थांबवनार, आन मग चालू व्हायाला येळ लागला म्हून उतारूंच्या शिव्या खानार. तर त्या उन्हाळ्यात इंजनातलं तेल जायाला लागलं. सकाळी तेल मोजायची पट्टी बुडवून बघावं तर भरल्यालं, नगरला जाऊन आलं की निम्मं. मालक म्हनले, मिस्त्री, गळतंय का बघ. मी दुपारी इंजनाखाली बापाचं पांढरं अस्तर आंथरलं, इंजन चालू ठेवलं आन पालथा पडून बघत बसलो. एक थेंब न्हाई. काय सांगू तुमाला, तो थेंब पडला असता तर किसनदा सुटला असता. मी आपलं खरं ते सांगितलं, मालक, गळत न्हाई. मालक म्हनले, गळत न्हाई तर मग नगरात कुनीतरी काढून घेतंय. नाव घेतलं न्हाई, पन बघितलं किसनदाकडं.

मग रोज सांजच्याला मोटार आली की मालक उतारूंच्या म्होरं पट्टी काढून बघायचे, किसनदा शेजारी उभा. लोकांना तेवढंच पुरं हुतं. पुढच्या बाजारापस्तोर खरं सांग, न्हाईतर दुसरीकडं काम बघ, असं मालकानं त्याला सुनावलं. दुसऱ्या दिशी त्याची बायको आमच्या दारात आली. वैनी, आत या म्हनलं तर आल्या न्हाईत, उंबऱ्याभायेरच उभ्या. म्हनल्या, भावजी, ह्यांनी चार मानसांत बसायचं सोडलंय. गळत न्हाई हे तुमीच सांगितलं ना, मग जातं कुठं हे बी तुमीच सांगा.

तसाच स्टँडवर गेलो आन मोटारीत पार मागल्या बाकावर बसलो. सपाटीला काई न्हाई. घाट लागला, किसनदानं जोर दिला, तसा मागनं निळसर धूर सुटला आन डोळे झोंबाया लागले. कोळशाची मोटार, धूर निघायचाच, असं धरून कुनी ध्यान दिलं नव्हतं, मी बी न्हाई. पन कोळशाचा वास येगळा आन जळक्या तेलाचा येगळा. नगरला पोचल्यावर मी प्लग काढून भोकात चमचाभर तेल सोडलं, परत लावला आन हँडल मारलं. आधी हलकं फिरत हुतं, आता जड. म्हंजी त्या तेलानं आतली फट तेवढ्यापुरती बुजली, मग समजलं. पिस्टनवर कड्या असत्यात, रिंगा, त्या झिजल्या की खालचं तेल वर चढतं, जळतं आन धुरात जातं. खाली थेंब पडायचा कुठनं.

गावात येऊन इंजन खोललं. तळाच्या तेलात राखाडी गाळ, चिमटीत धरला तर वाळूवानी कचकच. राख आत आली कशी? भट्टी आन इंजनाच्या मधी एक डबा असतो, राख अडवायला त्यात जाड कापड घालत्यात. उघडला तर आत तरटाचा तुकडा. तो मीच घातल्याला. आधीचं कापड जळालं हुतं, जाड मांजरपाट मिळंना, मी म्हनलं चालंल. त्याच तरटातनं राख गेली, तिनं रिंगा खाल्ल्या, आन आळ किसनदावर.

शेजारी लोहाराची भट्टी पेटल्याली. तरट तिच्यात टाकलं असतं तर कुनाला कळलं नसतं, रिंगा झिजल्या म्हनलं असतं की किसनदा बी सुटला असता आन मी बी. खरं सांगतो, दोन पावलं गेल्तो. पन वैनीचं ते भायेर उभं ऱ्हानं डोळ्याम्होरं आलं. माघारी फिरलो, मालकाला आन किसनदाला बोलावलं आन सगळं सांगून टाकलं.

किसनदानं तरट उन्हात धरलं, भोकांतनं आरपार बघितलं, घडी घालून बॉनेटवर ठेवलं. म्हनला, मिस्त्री, दीड महिना मी मान खाली घालून गाडी चालवली. येवढंच. मालक मला काय बोलायचं ते बोलले, पन किसनदाची माफी काई मागितली न्हाई. दुसऱ्या दिशी मातर स्वता बैठकीवरच्या गादीचा जाड अभ्रा उसवत बसले, म्हनले, हे घाल डब्यात, चार पदरी घाल.

नव्या रिंगा लढाईत कुठल्या. नगरला सिलेंडर आतनं कातून मोठा करून आनला, भंगारात हिंडून मोठ्या मापाचे पिस्टन आन रिंगा हुडकल्या, एकेक रिंग कानशीनं घासून बसवली. तोवर किसनदा रोज यायचा, रॉकेलमधी सामान धुवायचा, माझ्याशी एक सबुद बोलायचा न्हाई. इंजन चालू झालं, घाटात गेलो, वर थांबून दोघांनी मागं जाऊन बघितलं. धूर न्हाई. तवा कुठं म्हनला, महेबूब, चल, म्होरं बस माझ्याशेजारी.

आता माझे गुडघे गेले, नगरात पोराचं ग्यारेज हाय, मी नुसता खुर्ची टाकून बसतो. किसनदा जाऊन लई वर्सं झाली, वैनी बी गेल्या. पोरगा म्हनतो, अब्बा, ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगू नका, आपलीच चूक हाय त्यात. मी सांगतो. तुमी लिहून घेताय ना, मग तरट मीच घातलं हुतं असंच लिवा. रोज दुव्याला हात वर करतो तवा किसनदाचं नाव घेतो, म्हनतो, परवरदिगार, त्याला निवांत ठेव, आन आमचे ऱ्हायलेले दिस कुनाचं मन न दुखवता जाऊ दे.