एकाच झाडाची कलमं

झाडांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी रोपवाटिकेवाल्या सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर पिशवीत संत्र्याची पिवळी पानं.

"एक झाड पिवळं पडलं तर एवढी काय घाबरतेस?"

"आई, सगळी कलमं त्याच झाडाच्या काड्यांची आहेत. काडी म्हणजे तेच झाड. त्याचा रोगही सोबत जातो."

"हळू बोल. कलम करताना चाकू तरी औषधानं पुसत होतीस ना?"

"आधी पुसत होते. मग तुम्हीच म्हणालात, हात चालव, गाडी खोळंबलीय."

"मी म्हटलं गं! तू ऐकायचं कशाला?"

"गिऱ्हाइकांना फोन करूया ना."

"खुळी आहेस का? रिपोर्ट येईपर्यंत अवाक्षर काढू नकोस. त्यांची झाडं, ते बघतील."

"मामांनीही नेलीत."

"कोणत्या मामांनी?"

"आपल्याच. तुमच्या भावानं. तुम्ही घरी नव्हता तेव्हा दोनशे कलमं घेऊन गेले. ताईला बाग झाल्यावरच दाखवू म्हणाले."

"लावली नसतील अजून."

"लावली, आई. जुनी बाग तोडून."

"सगळी?"

"सगळी."

सासूनं पिशवी ओढून घेतली आणि पानं उलटीसुलटी करून पाहिली.

"आई, पाणी देऊ का?"

"आधी त्याला फोन लाव. बाकीच्यांचं नंतर बघू."